बातमीची सनद विचारा

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यातल्या राईनपाडा गावात आठवडे बाजार भरला होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षा मागत तिथे पोहोचले. बहुतेक जण सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याकडचे. ‘मुले पळवणारी टोळी आली’ अशी आवई उठली. जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात नेले आणि मारहाण करून पाचही जणांचा जीव घेतला. २०२४ मध्ये धुळ्याच्या न्यायालयाने या प्रकरणात सात जणांना जन्मठेप सुनावली. पाच घरांचा आधार गेला आणि मारणाऱ्यांपैकी सात घरेही उघडी पडली.

युद्धाच्या बातम्यांवर लिहायला बसलो असताना आम्ही राईनपाड्यापासून सुरुवात का केली, असे आपल्याला वाटेल. त्याला कारण आहे. त्या दिवसांत मालेगाव-धुळे पट्ट्यात मोबाइलवर एक व्हिडिओ फिरत होता. त्यात लहान मुलांचे मृतदेह ओळीने ठेवलेले दिसत होते. मुले पळवून त्यांचे अवयव काढणाऱ्या टोळीचे हे काम आहे, सावध राहा, असे त्यावरचा आवाज सांगत होता. चित्रे खरी होती. पण ती मुले सीरियाची होती. २१ ऑगस्ट २०१३ रोजी दमास्कसजवळच्या घौता भागात विषारी वायूचा हल्ला झाला आणि शेकडो माणसे झोपेतच गेली. सरिन नावाचा वायू वापरला गेल्याचे संयुक्त राष्ट्रांच्या तपास पथकाने नंतर स्पष्ट केले. त्या मुलांचे फोटो पाच वर्षांनी खान्देशात आले, तेव्हा त्यांच्यावरून गावाचे नाव आणि तारीख पुसली गेली होती.

याच काळात दुसराही एक व्हिडिओ देशभर फिरत होता. मोटारसायकलवरून आलेले दोघे गल्लीत खेळणारे मूल उचलून नेतात, एवढेच त्यात दिसत असे. मुळात ती कराचीतल्या एका संस्थेने पालकांना सावध करण्यासाठी तयार केलेली जाहिरात होती. मूळ व्हिडिओत ते दोघे मुलाला परत आणून सोडतात आणि फलक दाखवतात. कोणी तरी शेवट कापला आणि जाहिरातीचा गुन्हा झाला.

त्याच रात्री मालेगावातही जमावाने काही परक्या माणसांना घेरले होते. पोलिसांनी एका लहानग्यासह पाच जणांना मोठ्या मुश्किलीने सोडवले. मालेगाव हे आपल्या मोठ्या वस्तीचे शहर. ‘असे दुसरेच लोक करतात’ असे म्हणण्याची सोय आपल्याला उरलेली नाही.

युद्धाची बातमी आपल्या घरात रोज येते. गाझा, लेबनॉन, इराण, युक्रेन, सुदान आणि आपल्या सीमेवरचा तणाव. अम्मी स्वयंपाक करता करता रील पाहतात, अब्बा मगरिबनंतर वाहिनी लावतात, मुलगा स्टेटस ठेवतो. गाझाची चित्रे पाहून जेवण न गेलेली घरे आम्हाला माहीत आहेत. हे दुःख खरे आहे. म्हणूनच ते कोणत्या बातमीवर उभे आहे, हे तपासणे आपली जबाबदारी आहे.

दीनचे शिक्षण घेतलेल्या कोणालाही ही गोष्ट नवी नाही. सूरह हुजुरातच्या सहाव्या आयतीत बातमी आली की आधी तिची शहानिशा करण्याचा हुकूम आहे, आणि न करण्याचा परिणामही सांगितला आहे: नकळत कुणाला तरी इजा होते आणि मग पस्तावण्याची पाळी येते. राईनपाड्यात हेच घडले. आपल्या मुहद्दिसांनी तर बातमी तपासण्याचे पूर्ण शास्त्र उभे केले. मजकूर कितीही चांगला असो, तो कोणी कोणाकडून ऐकला ती साखळी, म्हणजे सनद, पुरी असल्याशिवाय ते पुढे जात नसत. सांगणारा खरा होता का, त्याची स्मरणशक्ती कशी होती, ज्याच्याकडून ऐकले म्हणतो त्याला तो भेटला होता का, हे सगळे विचारले जाई. हदीसच्या बाबतीत एवढी काळजी घेणाऱ्यांचे वारस आपण. मग ‘जसे आले तसे पाठवले’ हे वाक्य आपल्या तोंडी शोभत नाही.

आता हे रोजच्या व्यवहारात कसे आणायचे ते पाहू.

पहिला प्रश्न: कोणी पाहिले? युद्धाच्या बहुतेक खऱ्या बातम्या थोड्याच हातांतून जगभर जातात. रॉयटर्स, एपी आणि एएफपी या तीन मोठ्या वृत्तसंस्था आणि आपल्याकडे पीटीआय. जळगाव-धुळ्यात येणाऱ्या मराठी वर्तमानपत्रांतली परदेशाची बातमी नीट पाहा. वर गावाचे नाव असते आणि ‘वृत्तसंस्था’ किंवा संस्थेचे नाव असते. ‘जेरुसलेम’ लिहिले असेल, तर गाझाची ती बातमी गाझातून लिहिलेली नाही हे समजून घ्यावे. ऑक्टोबर २०२३ पासून इस्राएलने परदेशी पत्रकारांना गाझात स्वतंत्रपणे जाऊ दिलेले नाही. तिथून जे कळले ते मुख्यतः तिथल्याच पॅलेस्टिनी पत्रकारांमुळे. पत्रकारांच्या सुरक्षेसाठी काम करणाऱ्या सीपीजे या संस्थेच्या नोंदींत या युद्धात मारल्या गेलेल्या पत्रकारांची संख्या तिच्या आजवरच्या कोणत्याही संघर्षापेक्षा मोठी आहे. ज्यांनी जीव देऊन नाव, गाव, तारखेसह बातमी पाठवली, त्यांच्या कामावर आपण निनावी व्हिडिओंचा ढीग टाकू नये.

दुसरा प्रश्न: कुठे आणि केव्हा? ऑक्टोबर २०२३ मध्ये गाझावरील बाँबवर्षाव म्हणून लाखोंनी पाहिलेला एक व्हिडिओ अल्जीयर्समधल्या फुटबॉलप्रेमींच्या आतषबाजीचा होता. मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरच्या काळात बैरूत बंदरातला २०२० चा स्फोट आपल्या सीमेवरचा म्हणून फिरला. ‘आर्मा ३’ नावाच्या संगणकीय खेळातली दृश्ये विमान पाडल्याची म्हणून दाखवली गेली. ८ मेच्या रात्री कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याचे आपल्या काही वाहिन्यांनी सांगितले. समाजमाध्यमांवर त्यासोबत फिरलेले एक दृश्य अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात जानेवारीत कोसळलेल्या विमानाचे होते.

हे तपासायला मोठे शिक्षण लागत नाही. व्हिडिओ थांबवून स्क्रीनशॉट घ्यावा, गूगलच्या ॲपमध्ये कॅमेऱ्याच्या खुणेवर बोट ठेवून तो फोटो द्यावा. तेच चित्र आधी कुठे आले होते ते बहुधा दिसते. नववी-दहावीतले मूल हे मिनिटभरात करून देते. व्हॉट्सॲपवर संदेशाच्या वर दोन बाणांची खूण दिसली, तर तो अनेक हातांतून फिरून आलेला आहे, म्हणजे पाठवणाऱ्याने स्वतः काहीच पाहिलेले नाही. २०१८ च्या हत्यांनंतरच या कंपनीने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठवण्याची मर्यादा घातली, आणि २०२० मध्ये फार फिरलेल्या संदेशासाठी ती एकावर आणली. कंपनीने एकावर आणली, आपण शून्यावर आणू शकतो.

तिसरा प्रश्न: सांगणाऱ्याचा खर्च कोण चालवतो? पूर्ण निःपक्ष असा स्रोत शोधत बसलो तर हाती काही लागणार नाही. प्रत्येकाची जागा ओळखून ऐकावे. अल जझीरा १९९६ मध्ये दोह्यात सुरू झाली, तिला कतर सरकारचा पैसा आहे. गाझात तिचे पत्रकार जागेवर होते, म्हणून तिथली बातमी तिच्याकडून घ्यावी. खुद्द कतरच्या राजकारणावर तिच्याकडून तेवढी धार अपेक्षू नये. बीबीसीची मराठी सेवा २०१७ पासून आहे, उर्दू तर फार जुनी. युद्धाचा मागचा-पुढचा इतिहास सोप्या भाषेत मिळतो. गाझाच्या वार्तांकनावरून तिच्यावर दोन्ही बाजूंनी टीका झाली आहे, तीही वाचावी. आकाशवाणीच्या बातम्यांतून आपल्या सरकारची अधिकृत भूमिका आरडाओरड न होता कळते. पीआयबी फॅक्ट चेक हे सरकारचेच खाते आहे. केंद्र सरकारविषयीच्या खोट्या दाव्यांसाठी ते उपयोगी, बाकीच्यासाठी ऑल्ट न्यूज आणि बूम यांच्याकडे पाहावे. गाझातली उपासमार, दवाखाने, मदतीचे ट्रक यांची माहिती संयुक्त राष्ट्रांचे ओचा हे कार्यालय नियमित देते.

चौथा प्रश्न आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो: हा स्रोत आपल्याच माणसांना अडचणीची गोष्ट सांगतो का? मे २०२५ मध्ये पाकिस्तानचे उपपंतप्रधान इसहाक दार यांनी तिथल्या सिनेटमध्ये लंडनच्या ‘डेली टेलिग्राफ’चा हवाला देऊन आपल्या हवाई दलाची वाहवा केली. ते पान बनावट होते, आणि ते बनावट असल्याचे पाकिस्तानच्याच ‘डॉन’ या दैनिकाने छापले. इस्राएलमध्ये ‘हारेत्झ’ हे दैनिक स्वतःच्या सरकारला अवघड प्रश्न विचारते. जुलै २०२५ मध्ये बेत्सेलेम या इस्राएली मानवाधिकार संस्थेने आपलेच सरकार गाझात वंशसंहार करत असल्याचा अहवाल प्रसिद्ध केला. सहकाऱ्यांशी वाद घालताना आपण शंभर व्हिडिओ दाखवतो आणि त्यातला एक खोटा निघाला की बाकीचे नव्व्याण्णव पुसले जातात. बेत्सेलेमचा एक अहवाल असा सहज पुसता येत नाही.

इथे काही जण म्हणतात, ‘जुल्म तर खराच आहे, मग दोन गोष्टी वाढवून सांगितल्या तर काय बिघडले?’ बिघडते ते पीडिताचेच. मे २०२४ मध्ये रफाहवर सगळ्यांचे लक्ष आहे असे सांगणारे एक चित्र चार कोटींहून अधिक लोकांनी पुढे पाठवले. तंबूंच्या सरळ रांगा असलेले ते चित्र यंत्राने, कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेले होते. रफाहचे खरे फोटो त्या वेळी उपलब्ध होते, पण ते मागे राहिले. दुसऱ्या बाजूने पाहा. ऑक्टोबर २०२३ मध्ये ‘चाळीस बालकांचे शिर कापले’ ही गोष्ट जगभर सांगितली गेली. अमेरिकेच्या अध्यक्षांनीही तशी चित्रे पाहिल्यासारखे विधान केले, आणि त्यांच्याच कार्यालयाला त्याच दिवशी खुलासा करावा लागला की त्यांनी स्वतः अशी चित्रे पाहिलेली नाहीत. खुलासा किती जणांनी वाचला? आपल्याला हा खोटेपणा बोचतो. मग आपल्या हातून तसाच खोटेपणा जाऊ नये.

आकड्यांविषयी थोडे. हल्ल्यानंतर पहिल्या तासात आलेला मृतांचा आकडा हमखास बदलतो. वर आकडा कोणाचा आहे ते पाहावे. गाझाचे आरोग्य खाते हमासच्या प्रशासनाखाली आहे, हे अनेक परदेशी बातम्यांत लिहिलेले असते. मात्र हे खाते नावे आणि ओळख क्रमांकांसह याद्या काढते, आणि संयुक्त राष्ट्रांच्या संस्था तिचे आकडे वापरतात. ढिगाऱ्याखाली राहिलेले त्यात सगळे धरलेले नसतात. युक्रेनमध्ये संयुक्त राष्ट्रांचे मानवाधिकार कार्यालय फक्त पडताळणी झालेले नागरी मृत्यू मोजते, म्हणून खरा आकडा त्याहून मोठा आहे असे तेच सांगते. आपले किती सैनिक गेले, हे मात्र लढणारा कोणताही देश सहसा पूर्ण सांगत नाही. ‘दावा केला’, ‘म्हटले’ आणि ‘दिसून आले’ या तीन क्रियापदांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. आम्ही नववीच्या वर्गात मुलांना वर्तमानपत्राचे कात्रण आणायला सांगतो आणि ‘कोण म्हणते’ त्याखाली लाल रेघ मारायला लावतो. रेघ मारायला जागाच नसलेली बातमी मुले स्वतःच बाजूला ठेवतात.

खान्देशातल्या घराला या साऱ्याचा रोजच्या पोटापाण्याशीही संबंध आहे. रावेर-यावलची केळी इराण, इराक आणि आखाती देशांत जातात. आपली कितीतरी मुले तिकडे कामाला आहेत. जून २०२५ मध्ये इस्राएल आणि इराणमध्ये बारा दिवस युद्ध झाले. २२ जूनला ‘होर्मुझची सामुद्रधुनी बंद’ असे संदेश फिरले. जगात वापरल्या जाणाऱ्या तेलापैकी सुमारे एक पंचमांश तेल तेव्हा या चिंचोळ्या वाटेने जात होते, म्हणून घबराट साहजिक होती. प्रत्यक्षात इराणच्या संसदेने बंद करण्याच्या बाजूने कौल दिला होता. अंतिम निर्णय तिथल्या सर्वोच्च राष्ट्रीय सुरक्षा परिषदेच्या हाती होता, आणि त्या बारा दिवसांत वाट बंद झाली नाही. बातमीची पहिली चार वाक्ये वाचणाऱ्याला हा फरक कळत होता. असा संदेश ऐकून कोणी घाईने माल काढला, तर नुकसान शेतकऱ्याचे, फायदा दुसऱ्याचाच. लाल समुद्राचेही तसेच. नोव्हेंबर २०२३ पासून हौथींच्या हल्ल्यांमुळे जहाजे आफ्रिकेला वळसा घालू लागली, प्रवास दहा-बारा दिवसांनी लांबला. घरात भिंतीवर जगाचा एक नकाशा लावा. या गोष्टी मुलांना त्यावर बोट ठेवून समजतात.

आणखी एक गोष्ट जड मनाने लिहितो. ७ मे २०२५ रोजी सीमेपलीकडून झालेल्या गोळीबारात पूंछमधल्या एका मदरशाचे शिक्षक मारले गेले. काही वाहिन्यांनी त्यांचा फोटो ‘ठार झालेला दहशतवादी’ म्हणून दाखवला. पूंछ पोलिसांना पत्रक काढून सांगावे लागले की ते प्रतिष्ठित शिक्षक होते, दहशतवादाशी त्यांचा काही संबंध नव्हता. ज्या घरात मय्यत होती, त्या घराला हा आघातही सोसावा लागला. त्याच महिन्यात पुण्यातल्या एकोणीस वर्षांच्या एका विद्यार्थिनीने ऑपरेशन सिंदूरवरची कोणाची तरी पोस्ट पुढे टाकली, दोन तासांत काढलीही. तिला अटक झाली, महाविद्यालयातून काढले गेले. २७ मे रोजी मुंबई उच्च न्यायालयाने सरकारला खडे बोल सुनावून तिला सोडण्याचा आदेश दिला. न्याय मिळाला, पण तोवर मुलीने तुरुंग पाहिला होता.

या दोन घटना एकत्र वाचा. खोट्या बातमीचा मार आपल्यावर येतो, आणि बेसावध पुढे पाठवलेल्या शब्दाचाही. मोठ्या वाहिनीची चूक एका खुलाशात संपते. आपल्या मुलांचे वर्ष जाते. हे न्यायाचे नाही, पण आज असे आहे. म्हणून मुलांना ‘काही बोलू नका’ असे सांगू नये, तर काय बोलायचे ते पुराव्यानिशी शिकवावे. गाझातल्या मुलासाठी दुआ करणे, विश्वासू संस्थेमार्फत मदत देणे, वर्तमानपत्राला नावानिशी पत्र लिहिणे, हे सगळे खुल्या रस्त्याचे मार्ग आहेत.

घरासाठी आमची साधी सूचना अशी. बातम्यांना दिवसात दोन वेळा ठरवाव्यात. सकाळी एक मराठी वर्तमानपत्र, संध्याकाळी आकाशवाणी किंवा बीबीसी. मोठी घटना असेल तर रॉयटर्स किंवा एपी आणि अल जझीरा, दोन्हीकडे तीच गोष्ट आहे का ते पाहावे. दोघांत जे जुळते ते धरून चालावे, जे जुळत नाही ते दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवावे. झोपण्यापूर्वी युद्धाची दृश्ये लहान मुलांपुढे लावू नयेत. खानदानच्या ग्रुपमध्ये एखाद्या वडीलधाऱ्याने चुकीचे काही टाकले, तर सगळ्यांसमोर टोकू नये. ‘मामूजान, हे कुठले आहे ते पाहून सांगतो’ असे एकट्याला लिहावे. मान राहतो आणि गोष्टही सुधारते.

आणि ज्याची सनद मिळाली नाही, ते आपल्या फोनपाशी थांबवावे. २०१८ मध्ये खान्देशात जे फिरत होते, ते शेवटी कोणाच्या तरी फोनमधूनच राईनपाड्याच्या बाजारापर्यंत गेले असेल. अल्लाह आपल्याला खरे ओळखण्याची समज आणि खोट्यापुढे हात आवरण्याची ताकद देवो. आमीन.